नावानं हाक न मारणारं गाव: वैनगंगेकाठी, पऱ्ह्यांच्या गाडीतून

ताडोब्याला कधी जावं, असं विचारणारे मेसेज मला बरेच येतात. हा प्रवास ताडोब्याच्या बाजूनंच जातो, पण यात वाघ नाही, रिसॉर्ट नाही आणि पावसाळ्यात ओळखीशिवाय इकडे येऊही नये. तरी लिहिते आहे, कारण परत आल्यापासून दुसरं काही लिहिताच येत नाहीये.

यंदा वैनगंगेला आलेला पूर ओसरल्यावर आम्ही काही मित्रमैत्रिणींनी पैसे जमवले आणि चामोर्शीकडच्या एका नदीकाठच्या गावात शेतकरी कुटुंबांच्या खात्यांत थेट टाकले. ते कशावर खर्च केले हे विचारायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. पैसे पोचले का, एवढंच फोन करून विचारायचं काम माझ्याकडे होतं. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. आई आणि आजोबांनी घरीच शिकवलं. गणिताचं उत्तर आलं की उलटीकडून करून पाहायचं, ही आजोबांची शिस्त. त्यामुळे ‘पोचले’ हे उत्तर मिळूनही मला चैन पडेना.

पैसे मिळालेल्यांपैकी एक असलेल्या वनिताताईंना ते फोनवरच कळलं असावं. “पोचले जी,” त्या म्हणाल्या. “उद्या मी मूलकडे पऱ्हे आणाले चालली. पाहाचं असन तं या.”

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. रोवणी, म्हणजे लावणी, झालेला धान पुराच्या पाण्याखाली सडला होता. नव्यानं बी पेरून रोपं तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात, आणि तोवर हंगाम हातचा जातो. पण मूलच्या बाजूच्या उंच शेतांत काहींची रोवणी होऊन पऱ्हे उरलेले होते. ज्याच्या हातात रोख पैसा, त्याला ते मिळणार; तेही दोन-चार दिवसांतच, नंतर पऱ्हे वाढून निकामी होतात.

नागपूरहून पहाटेची एसटी घेतली. बायकांना अर्धं तिकीट असल्यानं खर्च फारसा नाही. नागभीडला गाडी थांबते, तिथे तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे धड काही मिळेलच असं नाही. मूल जवळ आलं की राइस मिलचा कोंड्याचा वास खिडकीतून आत येतो. स्टँडवर वनिताताई उभ्या होत्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, साडीवर पुरुषी शर्ट घातलेल्या. “जय भीम, मृणालताई,” म्हणाल्या आणि माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघून हसल्या. “हे बूट नागपूरलेच ठेवाचे होते.”

शेतात त्यांच्यासोबत आलेल्या बायका भल्या सकाळपासून पऱ्हे उपटून पेंढ्या बांधत होत्या. केवढा कालवा चालला होता! एकमेकींना नावानं हाका, चिडवाचिडवी, मध्येच गाणं. शेतमालक भाव थोडा वाढवायला बघत होता. वनिताताईंनी शांतपणे सांगितलं, “भाऊ, पैसे नगद हायेत, म्हणून तं आज आली. उधारीवाली असती तं तुमी फोनच उचलला नसता.” तो हसला आणि ठरलेल्या भावावर आला.

दुपारी पिकअप निघाली. चालक मारोतीभाऊ, मध्ये मी, कडेला वनिताताई, बाकीच्या बायका मागे पेंढ्यांवर. उपटलेले पऱ्हे उद्यापर्यंत चिखलात गेले नाहीत तर पिवळे पडतात. सगळे पैसे त्यात घातले होते. दुसऱ्यांदा विकत घ्यायला काही उरलं नव्हतं. हे वनिताताईंनी सांगितलं तेव्हापासून मी सारखी मागे वळून पेंढ्यांकडे बघत होते.

बाकीच्यांनी पैशांचं काय केलं, ते त्यांनीच न विचारता सांगितलं. एकानं गाळात बुडालेलं पंपाचं इंजिन दुरुस्त केलं. एकाच्या बांध्यांवर, म्हणजे धानाच्या शेतांवर, कमरेएवढी वाळू बसली, त्यानं शेतीचा नाद सोडून बकऱ्या घेतल्या.

“बकऱ्या?” मी म्हटलं.

“वाळूत धान होते का?” वनिताताई म्हणाल्या. “कोनीतरी ट्रकभर बियाणं पाठवलं होतं. चांगलंच होतं. तो मानूस ते बियाणं वाळूत टाकून का करते? तुमी तोंडानं इचारत नाई, पर तुमचा चेहरा लय इचारते.”

मारोतीभाऊ इतका हसला की गाडी खड्ड्यात गेली.

मग वैनगंगेचा पूल आला. खाली पाणी तपकिरी, रुंद, आणि त्याचा काही आवाजच नाही. पूल ओलांडताच मागच्या बायकांचं गाणं बंद पडलं. मला वाटलं, थकल्या असतील. वनिताताई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “आता इथून पुढे कोनाले नावानं हाक मारू नका. काम पडलं तं टाळी वाजवा. दोनदा.”

“का?”

“पूर आला त्या दिवशी आमी सगळे छपरावर होतो. कोन कुठी हाये कळत नव्हतं, म्हणून दिवसभर एकमेकायले नावानं हाका मारून राह्यलो होतो. नदीनं सगळ्यायची नावं ऐकली. पानी उतरल्यावर नदीकडून हाका याले लागल्या. माह्या सासूनं ऐकली, या भाऊनं बी ऐकली. आता नावाची हाक मानसाची का नदीची, कळत नाई, म्हणून कोनी ओ देत नाई.”

मारोतीभाऊनं मान हलवली. या वेळी तो हसला नाही.

“तुम्ही हे मानता?” मी विचारलं.

“आमच्या घरी असलं मानत नाई,” वनिताताई म्हणाल्या. “पर नावानं बोलवत बी नाई. धानानं जीव धरला का मग बोलवू.”

रस्त्याकडेची झाडं एका उंचीपर्यंत पुराच्या गाळानं राखाडी आणि त्यावर हिरवी होती. ती रेघ गाडीच्या टपाच्या बऱ्याच वर होती. एका पळसात प्लास्टिकची खुर्ची अडकलेली, जणू कोणी तिथे बसून आताच उठून गेलंय. फांद्यांवर कपडे लोंबत होते. ते कुणाचे, कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून कोणी काढलेही नव्हते.

गावाच्या अलीकडे नाला आहे आणि त्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल. रपट्यावरून पाणी वाहत होतं. मारोतीभाऊ उतरला, काठीनं खोली पाहिली आणि म्हणाला, “गाडी नाई जात. पाय जातीन.” पलीकडे सगळं गाव उभं होतं, बायका, माणसं, एक म्हातारी. एवढी माणसं समोरासमोर, आणि कुणी एक शब्द ओरडेना. पलीकडून दोन टाळ्या आल्या. मारोतीभाऊनं दोन वाजवल्या. दोर टाकला गेला, दोन्हीकडच्या झाडांना बांधला गेला, आणि दोराला धरून माणसांची रांग पाण्यात उभी राहिली. वनिताताई सगळ्यांत मध्ये. पेंढ्या हातोहात जाऊ लागल्या. मी काठावरून पेंढ्या उतरवून देत होते. फक्त पाण्याची खळखळ आणि ओल्या पऱ्ह्यांची चुबचुब.

निम्म्याहून जास्त गाडी रिकामी झाली असेल. मी वर पाहिलं तर नाल्याच्या वळणावरून एक उन्मळलेलं झाड मुळांसकट येताना दिसलं. सगळ्यांची तोंडं पलीकडे, हातातल्या पेंढ्यांकडे. मी ओरडले, “वनिताताई!”

कोणी वळलं नाही.

मी पुन्हा ओरडले, घसा फाटेपर्यंत. वनिताताईंच्या खांद्याला झटका बसलेला मला स्पष्ट दिसला. त्यांनी ऐकलं होतं. पण मान तशीच खाली घालून त्यांनी पुढची पेंढी घेतली. सगळ्यांनीच ऐकलं होतं, आणि प्रत्येक जण आपण ऐकलं नाही असं दाखवत होता. त्यांच्या दृष्टीनं ती हाक पाण्यातून आली होती.

तेव्हा कुठे आठवलं. मी हातातली पेंढी टाकली आणि दोन टाळ्या वाजवल्या. पुन्हा दोन.

सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली. मी झाडाकडे हात केला. रांग मधोमध फुटली. अर्धी माणसं तिकडे, अर्धी इकडे सरकली. वनिताताई पलीकडच्या काठाला पोचतात तोच झाड रपट्यावर चढलं, दोर काडकन तुटला आणि ते खाली निघून गेलं.

मारोतीभाऊनं गाडीतून दुसरा दोर काढला. राहिलेल्या पेंढ्या पलीकडे गेल्या आणि शेवटी मला हाताला धरून नेलं. ती म्हातारी, वनिताताईंची सासू, पुढे आली. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, “नाव तू घेतलं होतं का?”

“हो, आई.”

“तूच होती ना?”

“मीच होते.”

“मंग बरं,” ती म्हणाली आणि माझ्या पायांतले चिखलाचे बूट काढायला खाली वाकली. मी मागे सरले तर ओरडली, “उभी राय ना सरळ!”

जेवायला भात आणि अंबाडीची आंबट भाजी होती. घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. माझी पाठ तिच्याकडे होती, तरी ती तिथे आहे हे जेवताना सतत जाणवत होतं. मी राहण्याचे पैसे पुढे केले तर वनिताताई म्हणाल्या, “खात्यात टाका,” आणि हसत सुटल्या. (शेवटी कोणी घेतले नाहीत. जाताना किराणा घेऊन जा, तो चालतो.)

सकाळी रोवणी सुरू झाली. माझ्या डोक्यात रोवणी म्हणजे गाणी. इथे बायका ओळीनं वाकलेल्या, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, आणि बांधीभर फक्त चिखलात बोटं शिरल्याचा आवाज. धुक्यातून त्या पाठी मागे मागे सरकत होत्या. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून नदीकडे कान लावला होता हे कबूल करते. काही ऐकू आलं का, तर नक्की सांगता येत नाही. पाण्याला कितीतरी आवाज असतात. वनिताताईंनी शेवटची पेंढी सोडली, कंबर सरळ केली, आणि माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. पऱ्हे वेळेत चिखलात गेले होते. ते जगतील की नाही, ते अजून कोणालाच माहीत नव्हतं.

नागपूरला परतल्यावर ग्रुपवर विचारणा झाली: पैशाचा उपयोग झाला का? मी लिहिलं, वेळेत पोचले. बकऱ्यांचंही लिहिलं. आधी वाटायचं की मदत म्हणजे गरज ओळखून नेमकी वस्तू देणं. पण नेमकं काय हवं आणि कोणत्या आठवड्यात, हे ज्याच्या बांधीत पाणी शिरलं त्यालाच कळतं. माझ्या पडताळून पाहण्याला यात जागा कुठे, हा प्रश्न मात्र सुटला नाही. अनेक सकाळी मी फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. धान मेला असेल तर ते त्यांना माझ्यासाठी तोंडानं सांगावं लागू नये.

दिवाळीच्या थोडं आधी त्यांचाच फोन आला. वनिताताई काही बोलल्याच नाहीत. आधी नुसता वारा ऐकू आला. मग लांबून एक बाई ओरडली, “शकुनेऽऽ!” दुसरीकडून “ओऽऽ!” मग “मायाऽऽ!” मग “वनितेऽऽ, पानी आन ना ओ!” फोनच्या अगदी जवळून वनिताताई ओरडल्या, “ओऽऽ, आनतो ना!” हाकांवर हाका, या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, आणि मध्ये हसणं.

“निसवला जी,” त्या मला म्हणाल्या. “सगळा. लोंब्या वाकून राह्यल्या.”

तेवढ्यात त्यांच्यामागून सासूचा जाड आवाज आला, सबंध बांधीला ऐकू जाईल असा: “मृणालेऽऽ!”

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, गॅसवर दूध ठेवलेलं असताना, माझ्या अंगावर काटा आला. मी आधी गॅस बंद केला.

मग मी ओ दिली.