सुधाकररावांची अपॉइंटमेंट

कथेतलं, नाटकातलं किंवा मालिकेतलं माणूस शेवटपर्यंत आहे तसंच राहिलं, तर त्यात स्वतःचा पराभव मानणारे गृहस्थ साऱ्या यॉर्कशरमध्ये एकच होते, आणि दोन हजार चार साली लीड्समध्ये मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. माझे हे घरमालक काका मूळचे नागपूरचे. मनोरुग्णांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्सचं काम करून ते निवृत्त झाले होते, पण ऐकण्याची सवय काही निवृत्त झाली नव्हती. खरे पेशंट संपल्यावर त्यांनी कल्पित माणसं धरली. टीव्हीवरच्या मालिकेतली पबवाली नवऱ्यावर ओरडायला लागली की काका पडद्याला सांगत, "थांब बाई, आधी श्वास घे." पुढच्या भागातही ती ओरडली, तर "ऐकतच नाही ना, बाप्पा," म्हणून दिवसभर खिन्न. लायब्ररीतल्या कादंबऱ्यांत ते चिठ्ठ्या ठेवत: 'पान ९४. इथे याला कुणीतरी विचारायला हवं होतं, जेवलास का म्हणून.' तिथल्या बाईंनी हे बंद करा म्हणून नम्रपणे सांगितलं. महिन्याभरानं काकांनी चिठ्ठी नसलेलं पुस्तक परत केलं, तेव्हा त्याच बाईंनी पानं चाळून विचारलं, "यात कुणालाच मदत नको होती का?"

विहारात रविवारी संध्याकाळी मुलांना गोष्ट सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. तळ्यावर कुणाला पाणी पिऊ न देणाऱ्या मगरीची गोष्ट त्यांनी सुरू केली ती पाच रविवार चालली, कारण तिला एवढा राग कशाचा येतो हे कळल्याशिवाय काका हरणांना तळ्याकडे फिरकूच देईनात. लीड्समध्येच वाढलेली मुलं मात्र रंगली होती. "काका, मगर सॉरी बोलला का?" एकीनं विचारलं. "अजून नाही बेटा. पण काल रडली. खरी रडली," काका गंभीरपणे म्हणाले.

मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील रात्रपाळीहून आले की पत्रकं वाटायला जात, मी पिशवी धरून मागे. माझ्या लिखाणात दोनच जातीची माणसं असत: लढणारी आणि विकली गेलेली. बाबासाहेबांच्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी मी जी एकांकिका लिहिली तिचा नायक, म्हणजे खलनायक, सुधाकर. क्रॉयडनमधला इंजिनिअर. मराठी पाहुणे घरी यायचे असले की हा भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवून ठेवतो, आडनाव विचारलं की विषय बदलतो. शेवटी सगळी पात्रं त्याच्याभोवती उभी राहून घोषणा देतात आणि तो खाली मान घालतो. पडदा.

क्रॉयडनमध्ये माझा सख्खा मोठा भाऊ राहत होता. तसबीर मी त्याच्याच घरी उतरताना पाहिली होती आणि त्या दिवसापासून वर्षभर त्याच्याशी बोलले नव्हते. माझी खुशाली तो काकांना फोनवर विचारत असे. जयंतीच्या तीन आठवडे आधी तो त्यांना म्हणाला, "तिचं नाटक आहे म्हणे. मी आलो तर चालेल का?" काकांनी "ये" म्हणून टाकलं. मग त्यांनी माझी वही वाचायला मागितली, आणि वाचून झाल्यावर म्हणाले, "सुधाकररावांना रविवारी अकरा वाजता पाठव."

म्हणजे मलाच जायचं होतं, सुधाकर म्हणून. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या तिरप्या मांडल्या होत्या. अगदी समोरासमोर बसलं की माणूस भांडतो, असं काकांचं मत.

"या सुधाकरराव. चहा?"

"काका, तो असल्या घरात चहा—"

"तुला नाही विचारलं वं. त्यांना विचारलं."

सुधाकररावांनी चहा घेतला आणि गद्दारीची सविस्तर कबुली दिली. काकांनी चष्मा काढला. "हे भाषण तुमचं, की त्या पोरीचं?"

मी चहाचा घोट घेतला.

"बरं. तसबीर काढून ठेवता कुठे?"

हे मी लिहिलंच नव्हतं. पण तोंडातून आपोआप निघालं, "कपाटात. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. पालथी नाही ठेवत, उभी ठेवतो. पाहुणे गेले की आधी ती लावतो, काच पुसतो, मग कपबशा उचलतो."

"हे कुणी पाहिलंय?"

"बहिणीनं."

एकांकिकेत सुधाकरला बहीण नव्हती.

टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवून काकांनी डायरीत पुढच्या रविवारची वेळ लिहिली.

मी शेवट बदलला. मला तर त्याला एका दमात सुधारून तसबीर भिंतीवरच ठेवायला लावायची होती, पण काकांनी ठाम नकार दिला. "दोन बैठकांत कोणी बदलते काय? घाई नको करू त्याची." त्यामुळे जयंतीला दारावरची बेल वाजली, सुधाकर तसबिरीला हात लावून नुसता उभा राहिला आणि पडदा पडला. विहाराचे सेक्रेटरी माझ्यावर चिडले. "अहो, यात संदेश काय?" दादा मागच्या रांगेत बसला होता. कार्यक्रम संपल्यावर जवळ येऊन त्यानं एवढंच विचारलं, "घोषणा का नाही घातल्यास? तुला जमतात." त्याच्या परतीच्या गाडीची वेळ झाली होती, तो गेला.

त्या संध्याकाळी काकांना मी विचारलं, खऱ्या माणसांना सोडून तुम्ही या खोट्यांच्या मागे का लागता? ते म्हणाले, "वॉर्डात प्रत्येकाला दहा मिनिटं मिळायची, पोरी. माणूस बोलायला लागला की वेळ संपायची. मधेच उठून आलोय कित्येकांजवळून. आता ते तर काही भेटणार नाहीत."

पुढच्या रविवारी दादाचा मला फोन आला. वर्षभरातला पहिला. म्हणाला, "आज पाहुणे होते. काढली मी. पण या वेळी काढताना हात जड झाला."

माझ्याकडे या वाक्यावर बोलायला तीन पानांचं भाषण होतं. टेबलापलीकडे काका पेपर वाचल्यासारखं करत होते, पण पान उलटत नव्हते.

"आहेस ना?" दादानं विचारलं.

"आहे. बोल तू," मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.