लिफ्टमनसमोरचं स्टूल

कम्युनिटी कॉलेजातल्या शिल्पकलेच्या संध्याकाळच्या वर्गात कुणालाच कुणाचं नाव पाठ झालं नाही. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून मी ‘बाई’. नळ दुरुस्त करणारा तो ‘प्लंबर’. आणि एका उंच ऑफिसात जन्मभर लिफ्ट चालवून निवृत्त झालेले ते ‘लिफ्टमन’. त्यांना या नावाचा राग नव्हता. "नोकरीत तरी दुसऱ्या नावानं कोण हाक मारत होतं?" म्हणायचे.

वर्ग भरायचा एका जुन्या गॅरेजात. सिंक एकच, तेही प्लास्टरनं कायम तुंबलेलं. प्लंबर वर्गात असूनही ते तुंबलेलंच राहिलं, कारण तो म्हणायचा, "इथे मी कलाकार आहे." लिफ्टमन सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या नंतर जायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला नांदत होती. शिल्पकलाच का निवडली, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "घरी टीव्ही लावला की तोच एकटा बोलत राहतो. इथे निदान हातात काहीतरी असतं."

दुसऱ्या सत्रात आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी माणसाचं डोकं करायला सांगितलं, खऱ्या मापाचं. "फोटोवरून चालणार नाही. फोटोला मागची बाजू नसते. समोर बसायला जिवंत माणूस आणा. कुणी बसल्याशिवाय भट्टीत काही जाणार नाही."

मी आमच्या ह्यांना आणलं. ते स्टुलावर बसले आणि दहा मिनिटांत घोरायला लागले, त्यामुळे माझ्या शिल्पाचे डोळे आयतेच मिटलेले झाले. प्लंबरनं सासूला आणलं. तिला तासभर गप्प बसवायचा एवढा एकच मार्ग त्याला सापडला होता. लिफ्टमन म्हणाले, "माझी मुलगी येणार आहे."

पहिल्या आठवड्यात ती आली नाही. तिच्या ऑफिसात काम निघालं होतं म्हणे. पुढच्या आठवड्यात तिच्या मुलाला ताप. मग पाहुणे, मग पुन्हा ऑफिस. लिफ्टमन दर वेळी स्टूल पुसून समोर ठेवायचे, त्याची उंची बघायचे, दिव्याचा उजेड त्याच्यावर पडतोय ना ते बघायचे आणि मग आठवणीतूनच कामाला लागायचे. माती सुकून तडकू नये म्हणून मधल्या दिवशीही येऊन त्यावरचं फडकं ओलं करून जायचे. ते रिकामं स्टूल बघून माझं डोकं फिरायचं. कसली ही मुलगी! बापासाठी हिला एक तास निघत नाही? आमच्या ह्यांना मी घरी जाऊन हेच ऐकवायची. ते म्हणायचे, "तुला काय करायचंय नसत्या उठाठेवी?"

लिफ्टमनच्या त्या डोक्याचा डावा कान मात्र बघत राहावा असा झाला होता. आमचे कान म्हणजे चिकटवलेल्या करंज्या. मी त्यांना तसं बोलून दाखवलं तेव्हा हसले. "माणूस लिफ्टमध्ये शिरला की दाराकडे तोंड करून उभा राहतो. बटणांपाशी बसलेल्या माणसाला त्याचा कान तेवढा दिसतो. मी कानच बघत आलोय, बाई." त्या कानाच्या पाळीला खाली बारीक चीर होती. मॅडमना वाटलं माती तडकली. त्या बुजवायला गेल्या, तर लिफ्टमननी चक्क त्यांचा हात धरला. "राहू द्या. ती तशीच आहे."

डोकं जवळजवळ पुरं झालं, तेव्हा मॅडम कॅलिपर घेऊन आल्या. कॅलिपर म्हणजे बाहेर वाकलेल्या दोन पायांचं मोठं कर्कटक, त्यानं डोक्याची मापं घेतात. हनुवटीपासून टाळूपर्यंतचं माप घेतलं, कपाळाचं घेतलं, पुन्हा एकदा घेतलं.

"तुमची मुलगी केवढी आहे?"

"बेचाळीस."

"हे डोकं आठ-नऊ वर्षांच्या पोरीचं आहे. कपाळ बघा, गाल बघा. तुम्ही तिला नीट असं शेवटचं कधी पाहिलंत?"

मॅडम मनानं वाईट नाहीत, पण बोलताना मागेपुढे बघत नाहीत. वर्गात सगळे एकदम आपापल्या मातीकडे बघायला लागले. लिफ्टमननी नव्या डोक्यासाठी तारेचा सांगाडा वळायला घेतला, या वेळी मोठ्या मापाचा, आणि त्यावर मातीचे गोळे थापायला लागले.

माझ्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. "नंबर द्या तिचा. मीच बोलते. असते कुणाकुणाला सुनावायची गरज."

"तिचा काही दोष नाही, बाई," ते खाली बघून म्हणाले. "मी तिला विचारलंच नाहीये."

"म्हणजे? ते ऑफिस, तो ताप?"

"ते मीच आपलं सांगत होतो. विचारलं असतं आणि ती नाही म्हणाली असती, तर मग स्टूल कुणासाठी ठेवणार?"

मग त्यांनी मला सांगितलं. मुलगी लहान असताना शाळा सुटली की त्यांच्या लिफ्टमध्ये यायची, त्यांच्या उजव्या हाताला उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मजला विचारायची. एक दिवस तिच्या कानातला डूल लिफ्टच्या जाळीच्या दारात अडकला आणि कानाची पाळी फाटली. साहेब चिडले. पोरीला पुन्हा इथे आणायचं नाही, म्हणाले. "मी पण घाबरलो होतो. तिच्यावरच ओरडलो, परत येऊ नकोस म्हणून. नाही आली. मी घरी पोचायचो तेव्हा झोपलेली असायची. मग कॉलेज, मग लग्न. माझं तिला बघायचं राहूनच गेलं."

मी म्हटलं, "फोन कुठाय?"

त्यांनी मातीनं भरलेले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "खिशात आहे. तुम्हीच लावा."

तिनं पहिल्या घंटीला उचलला. "बाबा? बाबा, काय झालं? बरं आहे ना?" कापरा आवाज. आपण होऊन फोन करणाऱ्यांतले ते नव्हतेच. मी कोण ते सांगितलं आणि तासभर बसायला येशील का, एवढंच विचारलं. सुनावायचं विसरून गेले.

पुढच्या आठवड्यात ती आली. खांद्याला ऑफिसची बॅग, केसांत बापासारखीच पांढरी बट. लिफ्टमननी स्टूल आधीच पुसलं होतं, ते पुन्हा पुसलं. बाप-लेक एकमेकांशी पाहुण्यासारखे वागत होते. पाणी देऊ का, नको, उकाडा फार आहे ना, हो आहे.

ती बसली. समोरच्या टेबलावर ते छोटं डोकं होतं.

"ही कोण?" तिनं विचारलं.

"होती एक," लिफ्टमन म्हणाले. "लिफ्टमध्ये यायची."

ती नुसतंच "अच्छा" म्हणाली. पण नजर तिथेच राहिली. मग उठली, टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि वाकून बघायला लागली. तिचा हात आपोआप स्वतःच्या कानाच्या पाळीकडे गेला. तो तिथेच ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. लिफ्टमन उगाच कॅलिपरचा स्क्रू पिळत होते.

ती परत येऊन स्टुलावर बसली. "बाबा, मला बोलवायचं ना. मी आले असते."

लिफ्टमननी कॅलिपर उघडला. एक टोक तिच्या हनुवटीला टेकवलं, दुसरं टाळूकडे नेलं.

"मान हलवू नकोस," ते म्हणाले.

तिनं नाही हलवली. गालावरून ओघळलेलं पुसायलासुद्धा नाही.