फुग्याच्या गाडीचा आस

आत्याची तीनचाकी काटोलहून टेम्पोत आली. उतरवताना मागची दोन चाकं फळीवरून सरळ घरंगळत खाली आली. पुढचं चाक मात्र फिरायला तयार नव्हतं. आम्ही ढकलत राहिलो आणि ते अंगणातल्या फरशीवर काळा पट्टा ओढत, फरफटत आत आलं. टेम्पोवाला म्हणाला, हिला थेट भंगारातच न्यायचं होतं. आत्या वॉकर धरून दारात उभी होती. तिनं ते ऐकलं.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी पोलिओ झाला आणि तिचा उजवा पाय बारीकच राहिला. तिनं लग्न केलं नाही. काटोलजवळच्या गावातली आमची संत्र्याची बाग तिनं सारी वर्षं एकटीनं सांभाळली. गेल्या पावसाळ्यात ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि मी तिला नागपूरला आमच्याकडे घेऊन आले. बाग आता माझा चुलतभाऊ बघतो. त्यानं गोठा साफ करायला काढला तेव्हा फोन करून विचारलं, या गाडीचं काय करू? आत्यानं सांगितलं, इकडे पाठव.

गावात तिला फुग्याची गाडी म्हणत. मोटरसायकलसारखं हँडल, लांब सीट, आणि खाली तीन बुटकी, टम्म फुगलेली चाकं. उमरेडकडच्या खाणीत सर्व्हे करायला आलेल्या कुणीतरी ती परदेशातून आणली होती. पुढे ती लिलावात निघाली आणि माझ्या वडिलांनी बहिणीसाठी उचलली. आत्याला सायकल येत नव्हती, किक मारता येत नव्हती. ही गाडी दोरी ओढली की चालू व्हायची, गिअर डाव्या पायानं पडायचे, आणि थांबली तरी कलंडायची नाही. काळ्या मातीच्या ज्या चिखलात बैल रुतून बसत, त्यातून ती आत्याला घेऊन सहज निघून जायची. आम्ही सुट्टीत गेलो की बागेच्या टोकावरून तिचा आवाज यायचा आणि मग झाडांच्या रांगांमधून आत्या दिसायची, सीटवर ताठ, डोक्याला पदर घट्ट बांधलेला. जमिनीवर चालताना ती आम्हाला छोटी वाटायची. गाडीवर ती कुणी वेगळीच असायची.

मी आणि माझा नवरा, आम्ही दोघांनी एप्रिलच्या सुट्टीत ते चाक काढायला घेतलं. आमच्यापैकी कुणीच मेकॅनिक नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. नवऱ्याला घरातली मोटर, पंखे, कुलर उघडून बसायची हौस आहे, तेवढंच. पुढचा भाग विटांवर टेकवला. चाकाच्या मधून एक लोखंडी दांडा आरपार जातो, तोच आस. एका टोकाला सहा बाजूंचं डोकं, दुसऱ्या टोकाला नट. नट जरा कुरकुरत का होईना, निघाला. आता दांडा पलीकडून ठोकला की बाहेर येईल, असं आम्हाला वाटलं.

तो हलला नाही. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून नवऱ्यानं हातोडा मारला, मोठा हातोडा आणून मारला. ठोकळा फुटला. दांडा आणि आतल्या बेअरिंग गंजून एकजीव झाल्या होत्या. मग आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंनी डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडायला लागलो. आत्या कुलरसमोरची खुर्ची सोडून ओसरीत येऊन बसायची आणि बघायची. डिझेल कुठून झिरपतं का ते मी वाकून पाहायचे. कुठूनच झिरपत नव्हतं.

शेवटी चौकातल्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं बोटानं चाक हलवून पाहिलं आणि सांगितलं, दोन्ही बाजूंनी कापा, दुसरा रास्ता नाही. दुसऱ्या दिवशी नवरा कुणाकडून तरी कापायचं ग्राइंडर मागून घेऊन आला. तो वायर जोडत होता तेव्हा आत्या म्हणाली,

"कापू नोका त्याले."

मी विचारलं, "काहून, आत्या? नवीन बनवता येते ना लेथवर."

"बनवा नवीन. पण त्याले कापू नोका. त्याच्यावर मी लटकली हावो एक डाव."

नवऱ्यानं वायर खाली ठेवली. आत्यानं मग जे सांगितलं, ते मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं.

तेव्हा बागेत छिंदवाड्याकडचं एक मजूर जोडपं राहायचं. बाई पोटुशी होती. श्रावणात सलग पाऊस लागला, बाग आणि सडक यांच्या मधला नाला भरून वाहू लागला, आणि त्याच दिवशी तिच्या कळा सुरू झाल्या. गावच्या सुईणीनं पोटाला हात लावून सांगितलं की बाळ आडवं आहे, दवाखान्यात न्या. बैलगाडी पाण्यात घालायला कुणी धजेना. आत्यानं बाईला आपल्या मागे बसवलं, दोघींना मिळून एका लुगड्यानं बांधून घेतलं आणि गाडी नाल्यात घातली.

मध्यावर चाकांखालची जमीन सुटली. "नावेवानी तरंगली गाडी," आत्या म्हणाली. एवढी हवा त्या चाकांत. हँडल फिरवून काही उपयोग नव्हता, पाणी नेईल तिकडे गाडी जात होती. मागची बाई ओरडत नव्हती, फक्त आत्याच्या खांद्यात बोटं रुतवून बसली होती. खाली थोड्या अंतरावर दोन मोठे धोंडे होते. पुढचं चाक त्यांच्या मध्ये जाऊन अडकलं आणि गाडी थांबली. मागून पाण्याचा सारा लोंढा, वर दोन बायका, त्यातल्या एकीच्या पोटात लेकरू, आणि हे सगळं पेलून धरलेला तो दांडा. गावकऱ्यांनी दोर टाकून दोघींना पलीकडे, सडकेच्या बाजूला ओढून काढेपर्यंत तो तसाच धरून राहिला. गाडी पाणी उतरेपर्यंत तिथेच रुतलेली होती. गंज तेव्हाच शिरला असणार.

मी विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?"

"दवाखान्यात पोरगी झाली. जिती होती दोघीबी. पुढच्या साली ते लोकं आपल्या गावाले चालले गेले."

आणि हे आम्हाला कधी सांगितलं का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "कोणी इचारलंच नाई."

मी ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. समोर तीच आत्या होती, दंडावर सैल झालेली कातडी, मांडीवर चष्म्याचं घर. नकाशावर मुलांना नद्या दाखवताना मी पुराबद्दल किती बोलले असेन. आमच्याच घरातल्या एका बाईनं एका पायाच्या जोरावर पूर ओलांडला होता आणि त्याची मला खबरही नव्हती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण तिला ते आवडलं नसतं.

ग्राइंडर परत गेलं. आता आम्ही दांडा बाहेर ठोकण्याऐवजी फिरवायचं ठरवलं. सांडलेलं डिझेल पुसून सगळं कोरडं केलं, नवऱ्यानं चाकाचा मधला भाग ब्लोलॅम्पनं चांगला तापवला. दांड्याची बाहेर आलेली दोन्ही टोकं मी बर्फाच्या फडक्यानं गार करत राहिले. बाहेरचं लोखंड फुगावं आणि आतलं आवळावं, एवढाच हिशेब होता. मग सहा बाजूंच्या डोक्यावर पाना बसवला, पान्यात नळाचा लांब पाइप घातला आणि दोघं मिळून त्यावर लटकलो.

बराच वेळ काही झालं नाही. घाम डोळ्यांत जात होता. मग पाइपातून माझ्या तळहातांना एक धक्का बसला आणि आतून आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. मला वाटलं दांडा तुटला. आम्ही पाइप उलट्या बाजूला हळूच ढकलला. तो गेला. परत आणला. आला. बेअरिंगच्या कडेनं तांबडा लगदा बाहेर यायला लागला, ओला, रक्तासारखा दाट. आम्ही तेल सोडत गेलो, फिरवत गेलो, आणि हातोड्याच्या हलक्या टोल्यांवर दांडा बोट-बोट बाहेर सरकला. ठोक्याचा बद्द आवाज जाऊन घंटेसारखा खणखणीत आवाज यायला लागला तेव्हा आत्याही खुर्चीत पुढे वाकली होती.

मी तो दांडा फडक्यात धरून तिच्याकडे नेला. दोन्ही बाजूंना, जिथे बेअरिंग होत्या तिथे, गंजानं खाल्लेले काळे खड्डे होते. पण मधल्या भागात जुनं ग्रीस तसंच थिजून राहिलं होतं. ते पुसलं तर खालून लोखंड आरशासारखं चमकत निघालं, त्यात आमच्या ओसरीचं छत दिसत होतं. अंगठ्याएवढी त्याची जाडी. मी मनात त्या नाल्याचं पाणी त्याच्यावर घालून पाहत होते आणि माझ्या मनाला ते पेलत नव्हतं. आत्यानं तो मांडीवर घेतला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं, एक डोळा मिटून सरळ आहे का ते पाहिलं.

"वाकला नाई वं," ती म्हणाली. तिच्या आवाजात मला वाटलं तितकं नवल नव्हतं. नवल सारं माझ्याच वाट्याला आलं होतं.

खड्डे पडलेला दांडा परत घालण्यात अर्थ नव्हता. लेथवाल्यानं त्याच मापाचा नवा करून दिला, बेअरिंगही मापाच्या मिळाल्या. इंजिन अजून चालू झालेलं नाही, कार्ब्युरेटरचे भाग मिळत नाहीत, आणि डॉक्टर आत्याला गाडीवर बसू देतील असंही वाटत नाही. तिनंही अजून तसा विषय काढलेला नाही.

चाक बसवलं त्या सकाळी गाडीचं पुढचं अंग विटांवरच होतं. आत्या वॉकर घेऊन जवळ आली, वाकायला जमत नव्हतं म्हणून मला म्हणाली, फिरव. मी एका बोटानं टायरला ढकललं. ते जाडजूड चाक काहीही आवाज न करता फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. आम्ही तिघंही बघत उभे होतो. शेजारच्या बाई गच्चीवरून काय चाललंय विचारत होत्या. चाक हळूहळू मंदावलं, थांबलं, किंचित मागे आलं आणि स्थिर झालं.

"आनखी एक डाव," आत्या म्हणाली.