ट्रेबलवरचा लाल ठिपका

"अहो सामंत, तुमच्या मुलीचा व्हॉल्यूम कोणी कमी करून ठेवलाय का?"

शेवडे काका हे माझ्या बाबांना विचारत होते आणि मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभी होते. हॉलमध्ये बसलेले सगळे हसले. बाबाही हसले, पण सगळ्यांच्या मागून, हसायचं राहून गेल्यासारखे. त्याआधी दारात मी काकांना "या काका, बसा" म्हटलं होतं. पण माझ्या बाबतीत असं नेहमीच व्हायचं. मी बोलले तरी ते न बोलल्यातच जमा असायचं. ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा काकांनी माझ्याकडे न बघता कप उचलला आणि पुढचा विनोद केला, "हिच्यासाठी बहिरा मुलगा बघा. नाहीतरी बोलत नाहीच, त्याला फरक पडणार नाही."

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही नेरुळला राहायचो. चार मजल्यांच्या त्या बिल्डिंगमध्ये शेवडे काका पहिल्या मजल्यावर आणि आम्ही तिसऱ्या. काका तळवलीजवळच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर हाऊसमध्ये, दिवसरात्र धडधडणाऱ्या यंत्रांपाशी, आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झाले होते. पण आपली खरी विद्या आवाजाची, असं त्यांचं म्हणणं होतं. टेप, टीव्ही, डेक, स्पीकर, यांतलं काहीही कोणाच्या घरी आलं की खोक्याच्या पट्ट्या कापायच्या आधी शेवडे काकांना बोलवायचं, असा आमच्या सोसायटीत रिवाज होता. घरची बाई नव्या वस्तूला हळदकुंकू लावायची आणि मग शेवडे काका ती 'पास' करायचे.

पास करायची त्यांची पद्धत मी कितीतरी घरांत, कोपऱ्यात उभी राहून पाहिली आहे. ते घरातली सगळ्यात चांगली खुर्ची घ्यायचे. मग कलिंगड निवडावं तसं स्पीकरच्या खोक्यावर बोटाच्या पेरांनी टकटक करायचे. खिशातून स्वतःची कॅसेट काढायचे, ती लावायचे आणि डोळे मिटायचे. घरातली माणसं श्वास धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. थोड्या वेळाने काका डोळे न उघडता हात पुढे करून म्हणायचे, "ट्रेबल." कोणीतरी धावत जाऊन बारीक, टोकदार आवाज वाढवणारं ते बटण फिरवायचं. "अजून." अजून फिरवायचं. "अजून. झोपलाय आवाज, उठवा त्याला." शेवटी बटण जिथे अडायचं तिथे काकांचं समाधान व्हायचं. मग ते खिशातून काकूंच्या नेलपॉलिशची बाटली काढून बटणाच्या त्या जागेवर एक लाल ठिपका द्यायचे. "आता ह्याला कोणी हात लावायचा नाही. काय समजलात?"

आणि खरंच कोणी हात लावत नसे. ही गोष्ट मला आजही सगळ्यात जास्त चीड आणते. संध्याकाळी जिन्याने वर येताना प्रत्येक मजल्यावर एकच किरकिर ऐकू यायची. बातम्या सांगणारी बाई 'स' म्हणाली की शिट्टी वाजायची. भजनातले टाळ स्टीलच्या ताटावर चमचा आपटावा तसे वाजायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या पवार काकू साताऱ्याकडच्या. त्या एकदा जिन्यात आईला म्हणाल्या, "कानात सुई घातल्यावानी हुतंय बघा. पण शेवड्यांनी लावून दिलंय, म्हंजी बरोबरच असंल. आपलंच कान अडाणी." चांगल्या शहाण्या बाईने, जिला भाजीवाला एक जून भेंडी खपवू शकत नव्हता, स्वतःच्या कानांना अडाणी म्हणावं आणि शेवड्यांच्या ठिपक्याला शहाणं, हे मला सहन व्हायचं नाही. पण मी काही बोलत नसे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी पुस्तकी यायचं आणि त्यावरही काकांचा विनोद ठरलेला असायचा, म्हणून मी गप्प राहून बघायची सवय लावून घेतली होती.

काकांचा सल्ला आवाजापुरताच राहत नसे. आमचा सोफा त्यांनी निवडला. तो कोणालाच बसायला आवडला नाही. मी कॉमर्सला गेले तेही त्यांच्याच सांगण्यावरून. बाबा भिडस्त. समोरचा माणूस ठामपणे बोलला की आपलं मत खिशात ठेवायची त्यांना सवय होती. "आपल्याला काय कळतं त्यातलं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

एकच गोष्ट बाबांना अगदी मनापासून कळायची, ती म्हणजे गाणं. मोठ्या घशाने दाद देणाऱ्यांतले ते नव्हते. जुन्या टू-इन-वनवर बासरी किंवा सारंगी लावून, आवाज अगदी बारीक ठेवून, ते दाढी करायचे. एखादी जागा आली की वस्तरा हवेत थांबायचा. त्या टू-इन-वनचं ट्रेबलही काकांनी ठिपका लावून वर नेलं होतं. त्यानंतर बाबांनी दाढी करताना गाणं लावणं हळूहळू बंद केलं. का, ते विचारलं तर म्हणाले, वेळ होत नाही.

म्हणून त्या वर्षी मस्कतहून मामाने स्पीकर पाठवले तेव्हा बाबा लहान मुलासारखे खूश झाले. दोन उंच, एक आडवा, दोन छोटे, असे पाच. मामाचं म्हणणं, आता घरात थिएटर करा. पण ते स्पीकर स्वतःहून वाजणारे नव्हते. टीव्हीचा किंवा कॅसेटचा आवाज घेऊन तो पाचांना वाटून देणारा, त्यांना ताकद पुरवणारा रिसीव्हर वेगळा घ्यायचा होता, आणि तो इथेच बघून घ्या असं मामाने कळवलं होतं. तोवर ते पाच स्पीकर हॉलमध्ये चादरीखाली मुके उभे राहिले. बाबा कामावरून आले की चादरीचं टोक उचलून बघायचे.

अर्थात शेवडे काकांना बोलवावं लागलं. त्यांनी टकटक केली, स्पीकरच्या मागची पाटी टॉर्चने पाहिली आणि म्हणाले, "सामंत, स्पीकर म्हणजे मुलगी आणि रिसीव्हर म्हणजे जावई. नुसतं घराणं बघून चालत नाही, पत्रिका जुळावी लागते. मी येतो तुमच्याबरोबर. कागदावर कंपनी काहीही लिहू दे, कान सांगेल ते खरं." बाबांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा मला दिसत होता. चादर उचलताना जो असायचा, तो तो नव्हता.

त्याच आठवड्यात एका दुपारी आईने मला काकूंचा डबा परत द्यायला पहिल्या मजल्यावर पाठवलं. शेवड्यांकडे चिमणीच्या आवाजाची बेल होती. त्या काळी घरोघरी असायची तशीच. आतला दरवाजा उघडा होता, बाहेरचा जाळीचा लावलेला. जाळीतून मला काका दिसत होते. दारापासून हातभर अंतरावर, माझ्याकडे पाठ करून, पेपर वाचत बसले होते. मी बेल दाबली. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर चिमणी चिवचिवली. पेपर हलला नाही. मी पुन्हा दाबली. चिमणी ओरडत राहिली आणि काकांनी शांतपणे पान उलटलं. तेवढ्यात खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर मागे घेताना कोणीतरी त्याच्या पत्र्यावर हात बडवला, तर काकांनी लगेच मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

काकू हात पुसत आतून आल्या. मला त्यांनी हॉलमधून सरळ स्वयंपाकघरात नेलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असणार, कारण डबा घेताना त्या आपणहून बोलल्या. "जाड आवाज येतात गं त्यांना. बारीक नाही येत, बायकामुलांचे तर फारच कमी. तोंडाकडे बघून समजून घेतात. कॉम्प्रेसरपाशी जन्म गेला ना. डॉक्टरांनी कानाला मशीन लावायला सांगितलंय. तर म्हणतात, मशीन लावून बसलो तर उद्या माझ्याकडे कोण येईल?" मग डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "तू कुठे बोलणार नाहीस, म्हणून तुला सांगितलं."

मी जिना चढून वर आले आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. कारखान्याने एखाद्याचे कान नेले तर त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि मी हसले नाही. मला किळस आली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्यांना माहीत होतं. डोळे मिटून, हात पुढे करून "अजून, अजून" म्हणताना त्यांना पक्कं माहीत होतं की आवाज झोपलेला नाही. तरी त्यांनी घरोघरी जाऊन, आपल्याला ऐकू येईपर्यंत, सगळ्यांच्या कानांत सुया घातल्या आणि वर नेलपॉलिशचा शिक्का मारला. आणि मला आवाज नाही, हे ठरवणारेही तेच होते.

पुढे काही वर्षांनी ते मुलाकडे पुण्याला गेले आणि तिकडेच वारले. बिल्डिंगमधले लोक अजून भेटले की त्यांची आठवण काढतात. माणूस जाणकार होता, म्हणतात. दारात हाक मारली तर धावून यायचा, म्हणतात. धावून यायचा हे खरं आहे. तेवढं मी त्यांच्या नावावर मांडते, त्याहून जास्त मला जमत नाही.

रिसीव्हर घ्यायला आम्ही रविवारी वाशीला गेलो. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून रिक्षात एक उंच स्पीकर मांडीवर धरून बसले होते, आणि दुसरा मी आणि आईने मागच्या रिक्षातून आणला. काका बाबांच्या शेजारी हात मोकळे ठेवून बसले. दुकानाच्या मागच्या बाजूला गालिचा आणि जाड पडदे लावलेली एक खोली होती. दुकानदार जयेशभाई मोकळा माणूस होता. स्पीकरमागची पाटी बघून त्याने दोन रिसीव्हर बाहेर काढले आणि म्हणाला, "बघा साहेब, ह्या स्पीकरला हे दोन्ही चालतात. लोड दोन्ही घेतात, काय टेन्शन नाय. आता तुमच्या कानाला कुठला गोड लागतो तेवढंच बघायचं." एक लहानसा, काळा, साधा होता. दुसरा जाडजूड, निळे दिवे उड्या मारणारा. काकांनी दोन्ही उचलून पाहिले आणि जड होता त्याच्याकडे बघून पसंतीची मान डोलावली.

पहिल्यांदा लहान लावला. बाबांनी घरून बासरीची कॅसेट आणली होती. सूर सुरू झाला आणि मला वाटलं, खोलीत कोणीतरी खिडकी उघडली. फुंकरेचा आवाजसुद्धा वेगळा ऐकू येत होता. बाबांनी डोळे मिटले. उजव्या हाताचं एक बोट गुडघ्यावर ठेका धरायला लागलं. एका जागेशी ते बोट हवेत थांबलं, वस्तरा थांबायचा तसं. आईने माझ्याकडे पाहिलं.

"डल आहे," काका म्हणाले. "मेलेला आहे अगदी. जयेशभाई, दुसरा लावा. आणि ट्रेबल पूर्ण."

दुसरा लागला. तीच बासरी आता पत्र्याच्या शिट्टीसारखी वाजायला लागली. बाबांचे खांदे वर चढले. जयेशभाईने तोंड वाकडं केलं आणि गिऱ्हाईक आहे म्हणून लगेच सरळ केलं. काका खुर्चीत मागे रेलले. "हं. आता कसा उघडला. सामंत, जावई मिळाला."

बाबा थोडा वेळ त्या लहान काळ्या डब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. शेवडे म्हणतात तर हाच द्या. आपल्याला काय कळतं त्यातलं."

मी काकांच्या मागे उभी होते. मी माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, पहिला चांगला होता."

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. जयेशभाईनेही पाहिलं. आईनेही. काकांनी पाहिलं नाही. ते निळ्या दिव्यांकडे बघत बोटाने चुकीचा ठेका धरून बसले होते. मग सगळ्यांच्या माना वळलेल्या बघून तेही वळले.

"काय म्हणतेय? पुटपुटतेय काहीतरी," ते हसत म्हणाले. "कॉन्व्हेंटचं शिक्षण हे असं. अगं बोल की, व्हॉल्यूम वाढव जरा."

जयेशभाईने आवाज बंद केला. खोलीत जाड पडद्यांमुळे एकदम शांतता झाली. मला काकूंचा डबा आठवला, आणि त्यांचं शेवटचं वाक्यही. मग बाबांचं हवेत थांबलेलं बोट आठवलं. मी पुढे जाऊन काकांच्या समोर, त्यांना माझं तोंड दिसेल अशी उभी राहिले. आवाज जमेल तेवढा जाड केला, मोठा केला आणि एकेक शब्द सुटा सुटा उच्चारला.

"बाबा, पहिला घ्या. शेवडे काकांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, आणि ते त्यांना माहीत आहे."