दोन तांबे पाणी

खिशात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र घेतलं तेव्हा मी अक्षरशः चेकाळलो होतो. पेशंट खाटेवर आडवा झाला की आधी यंत्र, विचारपूस नंतर. कोल्हापुरात किडनीचे डॉक्टर काही कमी नाहीत, पण जागेवरच किडनी दाखवणारा मीच, असा माझा तोरा. त्या तोऱ्याची आज शिसारी येते.

राधानगरीकडची एक म्हातारी मुलाबरोबर आली होती. घरी चार म्हशी. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं दिसलं, म्हणून गावच्या डॉक्टरांनी धाडलेली. ती काही सांगायच्या आत मी यंत्र टेकवलं. दोन्ही किडन्या फुगलेल्या!

"लघवीची वाट तुंबलीय," मी मुलाला ऐकवलं. "उद्या पाठीतून नळ्या घालाव्या लागतील."

सर्जनला फोनसुद्धा करून टाकला. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी आलं. घाबरली असेल, असं मी धरून चाललो.

आमच्या आयाबाईंचं लक्ष मात्र तिच्या पायांकडे होतं. पायावर पाय घट्ट आवळून ती पडली होती.

"आजी, लघवीला जायचंय व्हय?"

"जायचंय की! पर मशीन लावायच्या आदी जायाचं नसतंय न्हवं? मागं एकदा मोकळी हून गेलतो, तर सोनोग्राफीवाल्यांनी माघारी धाडलं. तवापास्नं दोन तांबं पाणी पिऊनच येतो बगा."

सकाळच्या एसटीत बसल्यापासून ती कळ सोसत होती. मूत्राशय तुडुंब भरलं की किडन्या फुगलेल्या दिसू शकतात, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवतो. ती जाऊन आली, थोड्या वेळानं मी पुन्हा बघितलं. सूज गायब.

तिथं 'माझं चुकलं' एवढं म्हणायचं होतं. पण मुलानं पायच धरले. "देवमाणूस हायसा डॉक्टर! एका घडीत सूज उतरवलीसा!" आणि मी, निर्लज्जासारखा, हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आयाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी नजर चुकवली. कधी एकदा ही दोघं जातात असं मला झालं होतं. नळ्या टळल्या म्हणून ती खुशीत गेली आणि अब्रू वाचली म्हणून मी. क्रिएटिनिन कशानं वाढलं, हा प्रश्न तसाच टेबलावर राहिला.

आठ महिन्यांनी ती परत आली. तोंड सुजलेलं, धाप लागलेली, रिपोर्ट असा की आता डायलिसिसचं बोलणं भाग होतं. हातात खरवसाचा डबा, माझ्यासाठी. या वेळी मी तिला आधी लघवीला पाठवलं, मग यंत्र लावलं. वाट कुठंही तुंबलेली नव्हती. यंत्र मुकाट्यानं बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो.

"आजी, गोळ्या कसल्या घेता?"

तिनं पिशवीत हात घालून दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं काढली. मेडिकलमधून परस्पर आणलेली, रोज घेतली तर किडन्या पोखरणारी.

"ह्या व्हय? गुडघ्याच्या. रोज दोन घेतो, लई वर्सं झाली. मागल्या खेपंलाबी पिशवीतच हुत्या की. तुमी इचारला न्हाईसा."

आणि खरवसाचा डबा तिनं माझ्यापुढं सरकवला.