शेजारच्या खुर्चीतला सिनेमा

पुरस्कारांच्या हंगामातले सिनेमे मी दुपारच्या खेळाला एकटाच पाहतो. यंदाचे बहुतेक मला जरा जास्तच नटवलेले वाटले. काल पाहिला त्यातल्या नायिकेला तर अभिनयाचा मोठा पुरस्कार मिळालाय.

शेजारी एक वयस्कर जोडपं होतं. बाईंना दिसत नसावं, कारण त्यांचे यजमान पडद्यावरचं सगळं हलक्या आवाजात त्यांच्या कानाशी सांगत होते. आधी मला त्याचा त्रास झाला, मग मी ऐकू लागलो. मुलाला अग्नी देऊन नायिका घरी परतते आणि बराच वेळ कुणीच काही बोलत नाही.

"काय करतेय ती?" बाईंनी विचारलं.

"खिडकीशी उभी आहे."

"रडतेय का हो?"

पडद्यावर तिच्या गालांवरून आसवं ओघळत होती. याच दृश्याची सगळीकडे वाखाणणी झाली आहे. यजमानांनी क्षणभर बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नाही. नुसती बाहेर बघतेय."

"तसंच होतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी यजमानांचा हात धरला.

ते रडणं दिग्दर्शकानेही गाळायला हवं होतं, असं माझं मत आहे.