सफाई दर सहा महिन्यांनी

अंतराळयानात घडणारे यच्चयावत भयपट डक्टकाकांनी पाहिले आहेत आणि एकालाही ते घाबरलेले नाहीत. यात शौर्याचा भाग नाही. सगळं थिएटर खुर्च्यांचे हात घट्ट धरून बसतं तेव्हा काका पडद्यावरच्या पत्र्याचे सांधे तपासत असतात, एवढंच.

त्यांचा धंदाच तो. इस्पितळं, कचेऱ्या, हॉटेलांची स्वयंपाकघरं यांच्या छताखालून हवा नेणारे पत्र्याचे चौकोनी बोगदे, म्हणजे डक्ट, त्यांनी बत्तीस वर्षं बसवले आणि पोटावर सरपटत साफ केले. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे, आणि ते बिल काकू भरतात.

या चित्रपटांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. यान कुठेतरी लांब चाललेलं असतं. कुणीतरी उचापत्या जिथे जाऊ नको म्हटलं तिथे जातो, अंगाला काहीतरी चिकटवून परत येतो, आणि मग ते काहीतरी हवेच्या डक्टमधून हिंडत एकेकाला गट्ट करतं. काकांचा राग त्या काहीतरीवर कधीच नसतो. त्याचा स्वभावच तो. राग ठेकेदारावर असतो.

“अहो, ती बाई मरतेय आणि तुम्ही पत्र्यातल्या रिवेटा मोजताय!” काकू म्हणत.

“मरणारच. तोंडाला जाळी कुठाय? उंदीर शिरू नये म्हणून आपण साध्या कँटीनला जाळी ठोकतो, आणि हे निघाले सूर्यमालेबाहेर, भोक उघडं टाकून!”

“जाळी लावली तर पिक्चर कसा व्हायचा?”

“दहाव्या मिनिटाला संपेल. सगळे सुखरूप घरी. काय वाईट आहे?”

सगळ्यात मोठा आक्षेप मात्र स्वच्छतेचा. पडद्यावरचे डक्ट आतून आरशासारखे लखलखीत असतात. काकांना बत्तीस वर्षांत तसा एकही डक्ट भेटला नव्हता. त्यांना भेटली होती बोटभर धूळ, वाळकं कबूतर आणि एकदा एका बँकेच्या डक्टमध्ये डाव्या पायाची चप्पल. तिचं रहस्य कुठल्याही भयपटापेक्षा गडद आहे आणि ते अजून उलगडलेलं नाही.

त्यांची लेक चिमी एका चित्रपट कंपनीत सेट उभारायच्या खात्यात कामाला लागली, तेव्हा कंपनी कुठला चित्रपट काढते आहे हे तिने घरात चार महिने लपवून ठेवलं. इतर मुली लग्न लपवतात. चिमीने अंतराळयान लपवलं.

ते बाहेर पडलं ते नाइलाजाने. सेटवरचा डक्ट तिने प्लायवूडचा करून घेतला होता, आणि पहिल्याच तालमीला राक्षस त्यातून आरपार खाली आला. राक्षस म्हणजे एक काटकुळा व्यायामशिक्षक, हिरव्या रबरी पोशाखातला. त्याला लागलं नाही, पण दिग्दर्शकाला लागलं. दिग्दर्शक तरुण होता आणि कधीच हसत नसे. हसलं की भीतीचा भाव उतरतो, असं त्याचं मत होतं. त्याने चिमीला आठ दिवस दिले. आठ दिवसांत पक्का डक्ट, नाहीतर नवी नोकरी.

चिमी घरी आली आणि वडिलांसमोर बसली.

“बाबा, पत्र्याचं एक काम आहे. पण तुम्ही फक्त करायचं. बोलायचं नाही.”

“बरं.”

“नकाशात आहे तस्सं करायचं.”

“बरं म्हटलं ना.” त्यांनी नकाशा उघडला, चष्मा वर सरकवला आणि साधारण दीड मिनिट शब्द पाळला. “यानात माणसं किती?”

“बाबा!”

“नाही, सहज विचारतोय.”

“सात.”

“सात माणसांना एवढा मोठा डक्ट? अगं, पंखा लावला तर उडून जातील सगळी. राक्षसाची गरजच नाही.”

“आणि जाळी लावायची नाही,” चिमी म्हणाली.

काकांनी हाताने गाल धरला. ही बसण्याची तऱ्हा काकूंना ठाऊक होती. दातदुखीत ते असेच बसत. पण लेकीच्या नोकरीचा प्रश्न होता. “नाही लावत,” ते म्हणाले, आणि तोंड धुवायला गेले.

सहाव्या दिवशी डक्ट उभा राहिला. अडीच फूट रुंद, चाळीस फूट लांब, हत्तीचं पिल्लू सरपटलं तरी न कुरकुरणारा. राक्षसाच्या गुडघ्यांना टोचू नये म्हणून काकांनी आतल्या एकूण एक रिवेटेचं डोकं कानशीने घासलं. राक्षस नळीने चहा पिता पिता म्हणाला, “काका, मी अकरा चित्रपटांत सरपटलोय. पण असा डक्ट नाही बघितला. झोप लागते आत.” काकांनी ही गोष्ट घरी तीनदा सांगितली.

चित्रीकरण झालं, सेट मोडला. एवढा चांगला पत्रा भंगारात जाताना काकांना बघवेना. त्यांच्या ओळखीच्या एका लॉंड्रीवाल्या बाई वाळवणीच्या यंत्राची गरम हवा बाहेर न्यायला कधीपासून डक्ट मागत होत्या. कंपनीची परवानगी काढून काकांनी तो तिथे चढवला. छताला लोखंडी पट्ट्या मारल्या, दोन्ही तोंडांना जाळ्या ठोकल्या आणि मनाला शांतता मिळवली.

दोन महिन्यांनी चिमीचा फोन आला. आवाज असा, की काकांनी आधी खुर्ची ओढून घेतली.

“बाबा, डक्टमध्ये तुम्ही काही लिहिलं होतं?”

“लिहिलं म्हणजे... नेहमीचं.”

नेहमीचं म्हणजे असं. काम पुरं झालं की काका आत सरपटत जाऊन वरच्या पत्र्याच्या मधोमध तांबड्या रंगाने लिहीत: ‘सफाई दर सहा महिन्यांनी. डक्टकाका.’ खाली फोन नंबर. बत्तीस वर्षांत एकही डक्ट या ओळीवाचून सुटला नव्हता. आत बघतो कोण? जो साफ करायला जाईल तोच. यानातही हात आपोआप गेला होता. चिमी आयुष्यात डक्टमध्ये शिरली नसल्यामुळे तिला वडिलांचं हे साहित्य ठाऊक नव्हतं. चित्रीकरणाच्या वेळी छोट्या पडद्यावर हिरव्या अंधाराखेरीज कुणाला काही दिसलं नव्हतं, आणि सगळे बघत होते राक्षसाकडे. आता मोठ्या पडद्यावर, चारशे वर्षांनंतरच्या काळात, पृथ्वीपासून अब्जावधी मैलांवर, राक्षस लाळ गाळत पुढे येत होता आणि त्याच्या डोक्यावरून काकांचा नंबर सरकत होता. दहाच्या दहा आकडे. सुवाच्य.

“पुसता नाही येत? कॉम्प्युटरवर?”

“लाळेतून आणि धुरातून पुसायला तीन आठवडे लागतात म्हणे. चित्रपट द्यायचा सोमवारी. बारा सेकंद परत घ्यायची आहेत, बाबा. तोच डक्ट पाहिजे, बाकीच्या शॉटशी जुळायला. रविवारी जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मी घरी.” मग तिला राहवलं नाही. “नंबर तरी लिहायचा नव्हता हो!”

“नंबर नसेल तर बोलावणार कसे?” काका म्हणाले, आणि फोन ठेवून चप्पल शोधू लागले.

रविवारी लॉंड्री बंद असते. बाईंनी किल्ली दिली, पण अटी घातल्या: धुतलेल्या चादरींना हात लावायचा नाही आणि फरशी होती तशी मिळाली पाहिजे. सकाळी नऊला कॅमेरा, दिवे, दिग्दर्शक आणि अर्धा पोशाख घातलेला राक्षस असा लवाजमा इस्त्रीच्या टेबलांमधून वाट काढत आत आला. काकांनी छताशी शिडी लावून जाळी उतरवली, थिनरची बाटली आणि फडकं घेतलं आणि आत शिरले.

आतून फडकं घासल्याचा आवाज आला आणि मध्येच थांबला.

“बाबा?” चिमीने शिडीवर चढून पाहिलं. “पुसलं का?”

“पुसलं. पण चिमे, आत बघ काय झालंय ते.”

दोन महिन्यांत वाळवणीच्या यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. कपड्यांचे बारीक तंतू पत्र्याला करड्या थरांनी चिकटले होते आणि वरून त्यांच्या जटा लोंबत होत्या.

“अर्धा तास दे. चकाचक करतो.”

दिग्दर्शक शिडी चढून डक्टच्या तोंडाशी आला. बॅटरी मारून बराच वेळ आत पाहत राहिला. “कुणीही काहीही पुसायचं नाही,” तो कुजबुजला.

“पण आधीच्या शॉटमध्ये तर स्वच्छ होतं,” चिमी म्हणाली.

“आधीच्या शॉटमध्ये यानाचा पुढचा भाग आहे. हा इंजिनाजवळचा. मला इथे हेच पाहिजे.”

“अहो साहेब,” काकांनी डक्टमधून डोकं बाहेर काढलं. त्यांच्या भुवया करड्या झाल्या होत्या. “हे पेट घेतं. ठिणगी पुरते. आणि या बाईंनी माझ्यावर भरवसा ठेवून यंत्र चालवलंय. सहा महिने लिहिलं ते ऑफिसाच्या हिशेबाने. लॉंड्रीला दर महिन्याला पाहिजे होतं. मला कळायला हवं होतं. घाण दिसल्यावर मी ती अशीच ठेवून बाहेर आलो, असं आजपर्यंत झालं नाही.”

“बाबा.” चिमी एवढंच म्हणाली.

लहानपणी भरलेल्या वर्गाच्या दारात तिने त्यांचं बोट सोडलं, तेव्हाही ती ‘आता तुम्ही जा’ अशा याच आवाजात ‘बाबा’ म्हणाली होती. काकांनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग ते घडी करून खिशात ठेवलं आणि पुंजक्यांना धक्का न लावता, अंग चोरून, उलटे सरकत बाहेर आले. बत्तीस वर्षांच्या धंद्यात एवढं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं.

“दिवे लांब ठेवा,” ते म्हणाले. “आणि यंत्राचा मुख्य खटका मी बंद केलाय. त्याला कुणी हात लावायचा नाही.”

राक्षस सरपटला. जटा त्याच्या खांद्यांवरून घसरल्या, करडा भुगा लाळेवर चिकटला, आणि पहिल्या तीन वेळा तो कॅमेऱ्याशी येऊन सडकून शिंकला. चौथ्यांदा त्याने श्वास रोखला. बारा सेकंद मिळाली. दिग्दर्शक चिमीकडे वळून म्हणाला, “सोमवारी दहाला ये. पुढच्या सेटचं बोलू.” हसला मात्र नाही.

लवाजमा निघाला तसे काका पुन्हा आत शिरले. राक्षस थांबला, डक्टवर त्याचाही जीव होता. पोशाखाचं डोकं काढायचा कंटाळा करून तो काका देतील ते पुंजके पोत्यात भरत उभा राहिला. दुपारी बाई किल्ली न्यायला आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी पाहिलं: छतातून दोन पाय लोंबतायत आणि खाली हिरवा राक्षस हातात केरसुणी घेऊन उभा आहे.

“पाय पुसून घेतलेत ना?” बाईंनी विचारलं.

राक्षसाने पायपुसण्याकडे बोट दाखवलं.

सगळं चकाचक झाल्यावर काकांनी तांबड्या रंगाने परत लिहिलं. ‘दर महिन्याला’ असं लिहिलं, आणि खाली दोनदा रेघ ओढली.

चित्रपट लागला तेव्हा घरची तिघं दुपारच्या खेळाला गेली. काकूंना काळजी होती ती एवढीच, की यांनी मोठ्याने रिवेटा मोजू नयेत. पण काकांनी एकही मोजली नाही. इंजिनाजवळचा तो डक्ट आला, करड्या जटा लोंबल्या, राक्षस येऊ लागला, पुढच्या रांगेत कुणीतरी किंकाळी फोडली, आणि काकूंच्या मनगटावर काकांची बोटं करकचून आवळली गेली.

“अहो! तुम्ही घाबरलात?”

“बघवत नाही गं. केवढं साचलंय!”

“पण तुम्ही त्याच दिवशी साफ केलंत ना?”

“ते लॉंड्रीतलं,” काका डोळे मिटून म्हणाले. “यानातलं कोण करणार?”